सक्रिय दीर्घिकेच्या केंद्राचे अवरक्त ध्रुवण मोजताना: टक्का सगळ्यात शेवटी

पावसाळा संपून दुर्बिणी पुन्हा उघडल्या की दरवर्षी माझ्याकडे एकाच प्रकारचे प्रश्न येऊ लागतात. "के बँडमध्ये ध्रुवण ४ टक्के आलंय, कोन १५२ अंश. बरोबर आहे का?" यावर मला काहीच सांगता येत नाही. हा ४ टक्के किती मोठ्या अपर्चरमधला (म्हणजे केंद्राभोवतीच्या किती मोठ्या वर्तुळातल्या प्रकाशाचा), आपल्या आकाशगंगेतल्या धुळीचा वाटा वजा केला का, कॅमेऱ्यातली प्रतिमा आरशासारखी उलटी तर नव्हती, यातले काहीच त्या आकड्यात उरलेले नसते. टक्का काढला की बरीचशी माहिती पुसली जाते आणि ती मागे जाऊन परत मिळवता येत नाही.

म्हणून हा लेख क्रमावर आहे. उदाहरण म्हणून एनजीसी १०६८, म्हणजेच एम ७७ ही सक्रिय दीर्घिका घेतली आहे, म्हणजे जिच्या केंद्रातल्या कृष्णविवरात पडणारा वायू प्रखर प्रकाश देतो अशी. प्रकाशाच्या लहरी एका ठरावीक दिशेत जास्त डोलतात त्याला प्रयोगशाळेत सगळेच 'पोलरायझेशन' म्हणतात, मी लिहिताना 'ध्रुवण' म्हणेन. जे, एच, के हे जवळच्या अवरक्तातले, वाढत्या तरंगलांबीचे तीन बँड. स्टोक्स राशींना आय, क्यू, यू म्हणू. आय म्हणजे एकूण प्रकाश, क्यू आणि यू म्हणजे त्यातल्या ध्रुवित भागाचे दोन घटक. क्यू आणि यू यांना आयने भागून येणाऱ्या अपूर्णांकांनाही पुढे सोयीसाठी क्यू-यूच म्हटले आहे.

टप्पा १: कोणती यंत्रणा शोधताय ते आधी कागदावर लिहा

हा टप्पा सगळे जण टाळतात आणि शेवटच्या टप्प्यावर अडकतात. सक्रिय केंद्राकडून येणारा अवरक्त प्रकाश चार कारणांनी ध्रुवित होऊ शकतो आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते.

१. विखुरणे. झाकलेल्या केंद्राचा प्रकाश वरच्या वायूवर किंवा धुळीवर आपटून आपल्याकडे वळतो. ध्रुवणाची दिशा केंद्राकडे जाणाऱ्या रेषेला काटकोनात असते, त्यामुळे नकाशात केंद्राभोवती गोल फेर धरल्यासारखी रचना दिसते. इलेक्ट्रॉनांवरून विखुरलेल्या प्रकाशाचे ध्रुवण तरंगलांबीनुसार बदलत नाही. धुळीचे बदलते.

२. निवडक शोषण. चुंबकीय क्षेत्रात धुळीचे लांबट कण ओळीत उभे राहतात, त्यांची लांब बाजू क्षेत्राला काटकोनात असते. त्या बाजूला समांतर प्रकाश जास्त शोषला जातो. पार होऊन आलेल्या प्रकाशाचे ध्रुवण त्यामुळे क्षेत्राला समांतर. जवळच्या अवरक्तात, म्हणजे साधारण १ ते २.५ मायक्रॉनमध्ये, ते तरंगलांबीबरोबर उतरत जाते.

३. निवडक उत्सर्जन. तेच कण तापून स्वतः प्रकाश देतात तेव्हा ध्रुवण त्यांच्या लांब बाजूला समांतर, म्हणजे क्षेत्राला काटकोनात. १० मायक्रॉनच्या आसपास आणि त्यापुढे याचे राज्य.

४. सिंक्रोट्रॉन, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा प्रकाश. ब्लेझारांमध्ये (ज्यांचा झोत आपल्याकडे रोखलेला असतो अशा केंद्रांत) आणि रेडिओ-तेजस्वी केंद्रांत. दोन रात्रींत टक्का आणि कोन दोन्ही बदलले तर पहिला संशय याच्यावर घ्या.

आता वहीत एक ओळ लिहा. उदाहरणार्थ: "१०६८ च्या केंद्रात के बँडचे ध्रुवण निवडक शोषणाचे असेल, तर जे, एच, के मध्ये कोन जवळपास एकच राहील आणि यजमान दीर्घिकेचे (केंद्र जिच्यात आहे तिचे) तारे वजा केल्यावर टक्का जे कडून के कडे उतरेल." ही ओळ लिहिली की कोणते फिल्टर लागतील, किती अचूकता लागेल, कोणते अपर्चर लागेल, हे बहुतांशी ठरूनच जाते.

सावधान: दोन आणि तीन क्रमांकांच्या यंत्रणा एकाच चुंबकीय क्षेत्रासाठी ९० अंशांनी वेगळे कोन देतात. कोणती लागू आहे हे ठरवल्याशिवाय नकाशावर "चुंबकीय क्षेत्राची दिशा" असे लिहू नका.

टप्पा २: लक्ष्य, महिना आणि चंद्र

एनजीसी १०६८ तिमिंगल तारकासमूहात, जवळजवळ खगोलीय विषुववृत्तावरच आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती मध्यरात्री डोक्याजवळून जाते, म्हणजे आपल्याकडच्या ऋतूला अगदी सोयीची. अंतर साधारण १४ मेगापार्सेक (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षे) धरले तर आकाशातला १ सेकंद कोन तिथे सुमारे ७० पार्सेक होतो. हा आकडा पाठ ठेवा, कारण केंद्राला वेढणारे धुळीचे कडे काही पार्सेकचेच आहे. सव्वा सेकंदाच्या सीइंगमध्ये (वातावरणामुळे ठिपका तेवढा पसरलेला असताना) ते कडे 'दिसले' असे कोणी म्हणाले तर त्याला ही वाक्ये वाचायला द्या.

चंद्राचे पाहणे वेगळ्या कारणासाठी. चंद्रप्रकाश वातावरणात विखुरतो आणि चंद्रापासून ९० अंशांवरचे आकाश सर्वांत जास्त ध्रुवित असते. जे बँडमध्ये याचा त्रास होतो, के मध्ये कमी. म्हणून चंद्र लक्ष्यापासून ९० अंशांच्या जवळपास असेल ती रात्र टाळता आली तर टाळा.

उपकरण कोणते मिळणार तेही आताच पाहा. दोन घराणी आहेत. पहिल्यात हाफ-वेव्ह प्लेट (ध्रुवणाची दिशा फिरवणारी चकती) आणि वोलास्टन प्रिझम (प्रकाश दोन काटकोनी ध्रुवणांत फोडणारा) असतो. प्रत्येक वस्तूच्या दोन प्रतिमा एकाच वेळी पडतात, साधारण आणि असाधारण. पुणे जिल्ह्यातल्या गिरवलीच्या २ मीटर दुर्बिणीवरचे ध्रुवणमापन याच पद्धतीचे, पण ते दृश्य प्रकाशातले आहे. दुसऱ्या घराण्यात वायर-ग्रिड (एकाच दिशेचे ध्रुवण पार होऊ देणारी तारांची जाळी) फिरवून एकेक कोन घेतात. माउंट अबूच्या १.२ मीटर दुर्बिणीवरचे निक्सपोल हे अवरक्तातले त्याचे उदाहरण. एकामागून एक घेतलेल्या प्रतिमांमध्ये ढगाची झुळूक गेली तरी ती ध्रुवण म्हणून मोजली जाते. त्यामुळे दुसऱ्या घराण्यात प्रतिमा छोट्या घ्या, फेऱ्या जास्त करा आणि चौकटीत एखादा साधा तारा असेल तर त्याच्याशी प्रत्येक प्रतिमा जुळवून घ्या.

टप्पा ३: फोटॉन मोजा, मग वेळ मागा

छायाचित्रणाची सवय असलेल्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो. क्यूमधली चूक, म्हणजे मोजमापातली अनिश्चितता, ही त्यासाठी वापरलेल्या एकूण फोटॉनांच्या वर्गमुळाच्या व्यस्त असते. ०.१ टक्के अचूकता हवी असेल तर क्यूसाठी १० लाख फोटॉन, यूसाठी आणखी १० लाख. ही गोष्ट आकाश पूर्ण काळे असतानाची.

के बँडमध्ये आकाश कधीच काळे नसते. समजा तिथे आकाशाची तेजस्विता दर चौरस सेकंद कोनाला १३ प्रत (मॅग्निट्यूड, आकडा लहान तितके तेज जास्त) आहे. ३ सेकंद व्यासाच्या अपर्चरचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस सेकंद, म्हणजे अपर्चरमधले आकाश १०.९ प्रतीचे. तुमचे केंद्र १३ प्रतीचे असेल तर आकाशाचे फोटॉन त्याच्या सातपट होतात आणि तीच अचूकता गाठायला वेळ आठपट लागतो. १०६८ चे केंद्र तेजस्वी असल्याने तिथे ही अडचण येत नाही, उलट डिटेक्टर भरून वाहण्याची भीती असते.

तपासणी: अपेक्षित टक्का भागिले अपेक्षित चूक हे उत्तर ५ च्या खाली येत असेल तर अर्ज करू नका. ३ ला कोनातली चूक साडेनऊ अंश असते, ५ ला पावणेसहाच्या आसपास, १० ला ३ च्या आत.

टप्पा ४: रात्रीचा क्रम

१. संध्याकाळी घुमटातल्या पडद्यावर फ्लॅट (पिक्सेलांमधले फरक काढण्यासाठी एकसारख्या उजेडाची प्रतिमा) घ्या, हाफ-वेव्ह प्लेटच्या चारही स्थितींत. संधिप्रकाशाचे फ्लॅट इथे चालत नाहीत. सूर्य क्षितिजाजवळ असताना डोक्यावरचे आकाश फार ध्रुवित असते आणि ते ध्रुवण तुमच्या फ्लॅटमध्ये कायमचे बसते.

२. अध्रुवित प्रमाण तारा, म्हणजे ज्याला ध्रुवण नाही हे आधीच माहीत आहे असा. बीडी+२८ ४२११ संध्याकाळी, जी१९१-बी२बी पहाटेकडे.

३. ध्रुवित प्रमाण तारे, एक नव्हे दोन. ऑक्टोबर-नोव्हेंबरात एचडी १९८२० आणि एचडी २५४४३ सोयीचे पडतात. त्यांचे दृश्य प्रकाशातले टक्के के बँडला लावू नका. धुळीमुळे येणारे ध्रुवण अवरक्तात वेगाने उतरते, त्यामुळे त्याच बँडमधले प्रसिद्ध मोजमाप वापरा.

४. लक्ष्य. प्लेटच्या स्थिती ०, ४५, २२.५, ६७.५ अंश, याच क्रमाने. ० आणि ४५ मिळून क्यू देतात, उरलेल्या दोन मिळून यू. जोडीतल्या दोन प्रतिमा लागोपाठ असाव्यात म्हणून हा क्रम.

५. चारही स्थिती पूर्ण झाल्यावरच दुर्बीण काही सेकंद कोनाने बाजूला सरकवा, म्हणजे डिदर करा. मध्येच सरकवली तर जोडीतली प्रतिमा वेगळ्या पिक्सेलवर पडते आणि पुढचे सगळे गणित लंगडे होते. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता नियंत्रण कक्षात कागद चिकटवून ठेवतो.

६. दीर्घिका चौकटभर पसरलेली असेल तर आकाशासाठी वेगळी प्रतिमा घ्या. एच बँडमध्ये हायड्रॉक्सिलची वातावरणीय चमक मिनिटामिनिटाला बदलते, त्यामुळे लक्ष्य-आकाश-लक्ष्य अशी अदलाबदल थोड्या थोड्या वेळाने हवी.

लक्षात ठेवा: प्लेट जितकी फिरते त्याच्या दुप्पट ध्रुवण फिरते. प्लेट ४५ अंश म्हणजे ध्रुवण ९० अंश. नवीन मुले प्लेटच्या ४५ ला यू समजतात आणि मग यू शून्यच का येत नाही यावर डोके खाजवत बसतात.

टप्पा ५: प्रतिमा साफ करा, पण हात आखडता ठेवा

डार्क (प्रकाश बंद ठेवून घेतलेली प्रतिमा) वजा करा, डिटेक्टरची अरेषीयता (जास्त प्रकाशाला आकडा त्या प्रमाणात न वाढणे) सुधारा, फ्लॅटने भागा, आकाश वजा करा. क्रम हाच. अरेषीयता विसरणे इथे महागात पडते. दोन प्रतिमांपैकी एक नेहमी जास्त तेजस्वी असते, तीच आधी दबते आणि ध्रुवण खोटेच कमी दिसते. केंद्राच्या सर्वांत तेजस्वी पिक्सेलचा आकडा डिटेक्टरच्या मर्यादेच्या निम्म्यावर ठेवा.

फ्लॅट चारही स्थितींची सरासरी काढून एकच वापरावा. प्रत्येक स्थितीला तिचा वेगळा फ्लॅट लावला तर दिव्याचे स्वतःचे ध्रुवण आत शिरते.

मग साधारण आणि असाधारण प्रतिमा एकमेकांवर बसवा. अर्ध्या पिक्सेलची चूकही चालत नाही. प्रकाश केंद्राकडे इतका झपाट्याने वाढतो की जरा सरकलेल्या दोन प्रतिमांची वजाबाकी केंद्राच्या एका बाजूला धन आणि दुसऱ्या बाजूला ऋण ठिपका उमटवते. हा ठिपक्यांचा जोड पाहून 'द्विध्रुवी विखुरणे' सापडल्याचे लोकांनी सांगितले आहे.

तपासणी: अध्रुवित ताऱ्याची क्यू-प्रतिमा बनवा. त्यातही काळा-पांढरा जोड दिसला तर दोष बसवण्यात आहे, दीर्घिकेत नाही. दोन प्रतिमांची रुंदी वेगळी असली तर पांढऱ्या ठिपक्याभोवती काळे कडे दिसते. मग रुंद प्रतिमेशी जुळेल इतकी दुसरी पुसट करून पुन्हा पाहा.

टप्पा ६: गुणोत्तर घ्या

इथे आकडे घालूनच दाखवतो. समजा वस्तूचे खरे क्यू २ टक्के आहे. साधारण किरणाची वाट असाधारणापेक्षा ५ टक्के जास्त कार्यक्षम आहे आणि दुसऱ्या प्रतिमेच्या वेळी पातळ ढगाने १० टक्के प्रकाश खाल्ला. मोजमाप असे येईल:

प्लेट ० अंश: साधारण ५,३५,५००, असाधारण ४,९०,०००.
प्लेट ४५ अंश: साधारण ४,६३,०५०, असाधारण ४,५९,०००.

नुसती पहिली प्रतिमा घेऊन फरक भागिले बेरीज केली तर ४.४ टक्के येतात. दुसऱ्या प्रतिमेत तेच केले तर ०.४ टक्के. दोन्ही चूक.

आता प्रत्येक प्रतिमेतले साधारण भागिले असाधारण घ्या: १.०९२९ आणि १.००८८. पहिल्याला दुसऱ्याने भागा: १.०८३३. वर्गमूळ: १.०४०८. याला आर म्हणू. क्यू = (आर − १) ÷ (आर + १) = ०.०४०८ ÷ २.०४०८ = ०.०२०. खरे उत्तर बाहेर आले. ढग प्रत्येक प्रतिमेच्या आतल्या भागाकारात गेला, किरणांच्या वाटांमधला फरक दोन प्रतिमांच्या भागाकारात गेला. हेच २२.५ आणि ६७.५ अंशांसाठी करा, यू मिळेल.

वायर-ग्रिडवाल्यांना ही सोय नाही. त्यांनी ढगाळ रात्र सरळ टाकून द्यावी.

प्रत्येक डिदर-फेरीचे क्यू, यू वेगळे ठेवा. दहा फेऱ्यांमधला विखुरलेपणा हीच तुमची खरी चूक. फोटॉनांवरून काढलेली चूक त्याच्या निम्मीच येत असेल तर कुठेतरी पाणी मुरतेय. बहुधा आकाशाच्या वजाबाकीत.

टप्पा ७: उपकरणाचा वाटा

तीन दुरुस्त्या, याच क्रमाने.

आधी अध्रुवित ताऱ्याचे क्यू-यू लक्ष्याच्या क्यू-यूमधून वजा. मग कार्यक्षमतेने भाग: शंभर टक्के ध्रुवित प्रकाश आत सोडल्यावर उपकरण ९६ टक्के दाखवत असेल तर ०.९६ ने. सर्वांत शेवटी कोनाचे शून्य, ध्रुवित ताऱ्यांवरून.

दुर्बिणीच्या पाठीमागे, कॅसग्रेन केंद्रावर बसवलेल्या उपकरणाचे स्वतःचे ध्रुवण सहसा लहान आणि स्थिर असते. बाजूच्या नॅस्मिथ केंद्रावर तिरका आरसा मध्ये येतो, तिथे ते मोठे असते आणि दुर्बिणीच्या उंचीप्रमाणे बदलते. अशा ठिकाणी एका ताऱ्याने भागत नाही, वेगवेगळ्या उंचींवर घ्यावे लागतात.

दोन ध्रुवित तारे का, ते माझ्याच फजितीवरून सांगतो. माझ्या पहिल्या कामात १०६८ चा के बँडमधला कोन ६० अंश आला. तो का असावा यावर मी दोन पाने लिहिलीही होती. प्रत्यक्षात कॅमेऱ्यातल्या एका जादा आरशाने प्रतिमा उलटवली होती. अशा वेळी यूचे चिन्ह बदलते आणि कोन १८० वजा कोन होतो, म्हणजे खरा कोन १२०. एकच प्रमाण तारा घेतला होता आणि शून्य जुळवताना ती चूक मी नकळत त्यातच मुरवून टाकली होती. दोन तारे असते तर एकाला जुळवलेले शून्य दुसऱ्याला बसले नसते. तारे निवडताना त्यांचे कोन एकमेकांपासून दूर असतील असे पाहा.

तपासणी: उत्तर दिशा वर, पूर्व डावीकडे, कोन उत्तरेकडून पूर्वेकडे वाढतो. चौकटीतल्या दोन ताऱ्यांवरून हे डोळ्यांनी पाहून घ्या. फाइलच्या हेडरवर विसंबू नका.

टप्पा ८: आपली आकाशगंगा आणि यजमान दीर्घिका

आपल्याच आकाशगंगेतली धूळ वाटेत थोडे ध्रुवण घालते. दृश्य प्रकाशात त्याची कमाल मर्यादा, टक्क्यांत, रंग-लालीच्या (धुळीमुळे प्रकाश किती लालसर होतो त्याच्या) म्हणजे ई(बी−व्ही)च्या साधारण नऊपट. १०६८ आकाशगंगेच्या पट्ट्यापासून बरीच दूर असल्याने ही लाली सुमारे ०.०३ आहे, म्हणजे दृश्य प्रकाशात ०.३ टक्क्यांच्या आत आणि के मध्ये त्याच्याही कितीतरी खाली. इथे सोडून देता येते. पण पट्ट्याजवळच्या दीर्घिकांत, उदाहरणार्थ हंस तारकासमूहातल्या सिग्नस ए मध्ये, हा वाटा काढल्याशिवाय पाऊल टाकू नका. शेजारच्या ताऱ्यांचे क्यू-यू मोजा आणि वजा करा. तारे आकाशगंगेतल्या धुळीच्या पलीकडचे हवेत. जवळचा तारा घेतला तर अर्धीच धूळ मोजली जाते.

यजमान दीर्घिकेच्या ताऱ्यांचे गणित वेगळे. ते अपर्चरमध्ये जवळपास अध्रुवित प्रकाश ओततात आणि टक्का पातळ करतात. दुधात पाणी घातल्यासारखे. अपर्चरमधला ३० टक्केच प्रकाश केंद्राचा असेल आणि मोजलेले ध्रुवण १.५ टक्के असेल, तर केंद्राचे ध्रुवण १.५ ÷ ०.३ = ५ टक्के. या दुरुस्तीने कोन बदलत नाही, आकाशगंगेच्या दुरुस्तीने बदलतो. म्हणून क्रम पक्का: आधी वजाबाकी, मग भागाकार.

केंद्राचा वाटा काढायला तेजस्वितेचा आडवा छेद घेऊन त्यात ताऱ्यांचा फुगवटा आणि बिंदूसारखे केंद्र असे दोन भाग बसवतात. सर्वांत मोठी अनिश्चितता इथेच असते. ती चूक अंतिम उत्तरात घातली नाही तर ५.० ± ०.१ असा गोंडस पण खोटा आकडा तयार होतो. शिवाय १, २, ३, ४ सेकंद अशा वाढत्या अपर्चरांमध्ये तेच मोजून आलेख काढा. पातळ होण्याचे गणित बरोबर असेल तर सगळ्या अपर्चरांतून केंद्राचा टक्का सारखाच यायला हवा.

टप्पा ९: आता टक्का काढा

पी म्हणजे क्यू वर्ग अधिक यू वर्ग याचे वर्गमूळ. कोन म्हणजे यू आणि क्यू यांच्यावरून येणाऱ्या कोनाचा अर्धा. संगणकात चार चरणांचे भान ठेवणारे फंक्शन, म्हणजे एटॅन-टू वापरा. साधे एटॅन वापरले तर क्यू ऋण असताना कोन ९० अंशांनी चुकतो, आणि नेमका ९० अंशांचा फरक या विषयात 'शोध' वाटतो.

सरासरी कधीही पी आणि कोनांची घेऊ नका. दोन रात्रींची मोजमापे २ टक्के, ५ अंश आणि २ टक्के, १७५ अंश अशी आहेत. कोनांची सरासरी ९० येते. खरे तर दोन्ही कोन शून्याच्या आजूबाजूला आहेत, कारण ध्रुवणाला १८० आणि ० सारखेच. क्यू-यूची सरासरी घेतली की १.९७ टक्के आणि ० अंश मिळते.

पी नेहमी धन असतो, त्यामुळे नुसता गोंगाटही ध्रुवण दाखवतो. खरे ध्रुवण शून्य आणि चूक ०.५ टक्के असेल तर सरासरी ०.६३ टक्के मोजले जाईल. म्हणून पीच्या वर्गातून त्याच्या चुकीच्या आकड्याचा (अनिश्चिततेचा) वर्ग वजा करून वर्गमूळ घ्या. पी चुकीच्या तिपटीहून कमी असेल तर टक्का न देता फक्त वरची मर्यादा द्या आणि कोन देऊच नका.

टप्पा १०: अर्थ लावताना

पहिल्या टप्प्यातली ओळ काढा. एनजीसी १०६८ च्या केंद्रात के बँडचा कोन १२० अंशांच्या आसपास मिळतो आणि १० मायक्रॉनजवळ तो सुमारे ७० अंशांनी वळलेला सापडला आहे. शोषणाकडून उत्सर्जनाकडे जाताना होणारी ही पलटी आहे, असा त्याचा अर्थ लावतात. पण निव्वळ पलटी असती तर फरक ९० चा हवा होता. उरलेले २० अंश विचारत राहतात: अपर्चरमध्ये दुसरे काहीतरी मिसळले आहे का? कॅनरी बेटांवरच्या १०.४ मीटर दुर्बिणीने १० मायक्रॉनच्या पट्ट्यात बारकाईने पाहिले तेव्हा खुद्द केंद्राचे ध्रुवण अगदी कमी निघाले आणि बरेचसे ध्रुवण बाहेर पसरलेल्या धुळीत सापडले. मोठ्या अपर्चरमधला एकच आकडा या दोघांची बेरीज असतो.

दोन बँडांची तुलना करताना अपर्चर पार्सेकमध्ये सारखे हवे. के मध्ये १ सेकंद आणि १० मायक्रॉनला ४ सेकंद घेऊन टक्के शेजारी मांडणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. नकाशातल्या रेघांना बाणाची टोके लावू नका. ध्रुवणाला पुढे-मागे नसते.

टप्पा ११: दुर्बीण मिळाली नाही तर

सोफिया, म्हणजे बोइंग ७४७एसपी विमानात बसवलेली दुर्बीण, सप्टेंबर २०२२ मध्ये थांबली, पण तिच्या हॉक-प्लस या दूरच्या अवरक्तातल्या उपकरणाची ध्रुवण-मोजमापे नासाच्या आयआरएसए या अवरक्त संग्रहात सगळ्यांना खुली आहेत. त्यात एनजीसी १०६८ आहे, सिग्नस ए सुद्धा. सिग्नस एच्या केंद्राचे ध्रुवण ५३ आणि ८९ मायक्रॉनला १० टक्क्यांच्या आसपास आहे, एवढ्या मोठ्या संकेतावर सराव छान होतो.

१. चौथ्या पातळीची (पूर्ण प्रक्रिया झालेली) फाइल घ्या. आत आय, क्यू, यू, त्यांच्या चुका, टक्का, सुधारलेला टक्का, कोन आणि फिरवलेला कोन असे वेगवेगळे थर असतात.

२. 'रोटेटेड पोल अँगल' हा थर आधीच ९० अंश फिरवलेला आहे, म्हणजे उत्सर्जन गृहीत धरून काढलेली चुंबकीय क्षेत्राची दिशा. तो पुन्हा ९० ने फिरवणाऱ्यांची संख्या कमी नाही.

३. चाळणी लावा: आय त्याच्या चुकीच्या २०० पट, पी त्याच्या चुकीच्या तिप्पट, आणि पी ५० टक्क्यांच्या आत. २०० हा आकडा मोठा वाटेल. दोनचे वर्गमूळ भागिले २०० म्हणजे पीमध्ये ०.७ टक्के चूक, असा तो येतो.

४. किरणशलाकेची, म्हणजे दुर्बिणीला वेगळा दिसू शकणाऱ्या सर्वांत लहान ठिपक्याची, रुंदी पाहा: ५३ मायक्रॉनला ४.८५ सेकंद, ८९ ला ७.८. १०६८ मध्ये ४.८५ सेकंद म्हणजे जवळपास ३४० पार्सेक. पिक्सेल याहून बरेच लहान असतात, त्यामुळे शेजारशेजारच्या रेघा एकच माहिती पुन्हा पुन्हा सांगत असतात. आलेख काढताना प्रत्येक शलाकेमागे एकच रेघ ठेवा आणि चौकटीच्या कोपऱ्यात शलाकेचे वर्तुळ काढा.

५. फाइलमधल्या टक्क्यांच्या थराला हात लावण्याआधी आय, क्यू, यू थरांवरून स्वतः टक्का काढा आणि दोन्ही वजा करून पाहा. सुधारलेल्या थराशी तुमचे उत्तर पहिल्याच प्रयत्नात जुळले नाही तर नवव्या टप्प्यातली चुकीच्या वर्गाची वजाबाकी राहिली आहे का, ते आधी पाहा.